सत्तेचाळिशीतला म्हातारा: ‘द गॉडफादर’, त्यातले नट आणि वयाचं काम

प्रश्न दोन आहेत. ‘द गॉडफादर’ हा अमेरिकेतल्या एका माफिया कुटुंबाचा सिनेमा येऊन पन्नासहून जास्त वर्षं झाली, त्यातले बरेच नट गेले, मग तो अजून जुना का वाटत नाही? आणि आपल्या एकांकिकेत तेवीस वर्षांचा मुलगा म्हातारा करतो, तेव्हा दोन मिनिटांत सगळं उघडं का पडतं? दोन्हींचं उत्तर एकाच जागी सापडतं. या सिनेमात खून, सूड, टोळ्या सगळं आहे, पण तो मुळात वयाबद्दल आहे. एक कर्ता पुरुष थकत जातो आणि त्याची जागा घेणारा पोरगा हवा त्याहून फार लवकर म्हातारा होतो. रंगभूषा, प्रकाश, कपडे आणि अभिनय या चारही खात्यांनी ते वय मिळून घडवलं. आपल्याकडे बहुतेक वेळा हे काम एकट्या रंगभूषाकारावर टाकलं जातं.

आधी वयांचा हिशोब मांडू. शूटिंग २९ मार्च १९७१ ला न्यूयॉर्कमध्ये सुरू झालं. बाप, म्हणजे टोळीचा म्होरक्या डॉन व्हिटो, करणाऱ्या मार्लन ब्रँडोचा जन्म ३ एप्रिल १९२४ चा, म्हणजे शूटिंगच्या पहिल्याच आठवड्यात त्याला ४७ वर्षं पूर्ण झाली. थोरला मुलगा सनी करणारा जेम्स कान २६ मार्च १९४० चा, धाकटा मायकेल करणारा अल पचिनो २५ एप्रिल १९४० चा. पडद्यावरच्या थोरल्या-धाकट्यात प्रत्यक्षात फक्त तीस दिवसांचं अंतर! आणि घरात ज्याला कुणी गणतीत धरत नाही तो मधला फ्रेडो, म्हणजे जॉन कझाल, १९३५ चा. दोघा भावांपेक्षा साडेचार वर्षांनी मोठा. बाप थोरल्या मुलापेक्षा जेमतेम सोळा वर्षांनी मोठा, फ्रेडोपेक्षा तर अकराच.

आता लक्षात घ्या, मुलांच्या चेहऱ्यांवर वय दाखवणारी रंगभूषा जवळपास नाहीच. सनी थोरला वाटतो, कारण तो बैठकीत मध्येच बोलतो, येरझाऱ्या घालतो, खोलीतली जागा व्यापतो. फ्रेडो लहान वाटतो, कारण त्याचं शरीर कुणाच्या तरी आधाराने उभं असल्यासारखं असतं. भर रस्त्यात बापावर गोळ्या झाडल्या जातात तो प्रसंग बघा. फ्रेडो गाडीतून उतरतो, पिस्तूल हातात नीट धरता येत नाही, ते निसटतं, आणि मग तो फुटपाथच्या कडेला बापाशेजारी बसून रडतो. पस्तीस वर्षांचा, केस मागे हटलेला माणूस तिथे दहा वर्षांच्या पोरासारखा दिसतो. नात्यातलं वय चेहऱ्यावर फार थोडं असतं. कोण कुणाकडे बघून बोलतं, कोण आधी बसतं, कोण कुणाची वाट बघतं, यातून ते ठरतं. एकांकिकेची तालीम सुरू करताना पहिले दोन दिवस यावरच घालवावेत, रंगाचा डबा नंतर उघडावा.

ब्रँडोची गोष्ट वेगळी. डॉन व्हिटो सुरुवातीला पन्नाशीत आहे आणि शेवटी साठी ओलांडून जातो. स्टुडिओला ब्रँडो नकोच होता. मग दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कोपोला कॅमेरा घेऊन त्याच्या घरी गेला. तिथे ब्रँडोने केसांना काळं पॉलिश फासलं, गालांत टिश्यू पेपर कोंबला आणि बुलडॉगसारखा जबडा करून दाखवला. चाचणीपुरतं ते ठीक, पण महिनोन्‌महिने शूटिंगमध्ये ते चालत नाही. कागद असो की कापूस, लाळेने भिजून दहा मिनिटांत बसतो, गाल कमी-जास्त फुगतात आणि दोन शॉट जुळत नाहीत. त्यात तो घशात जाण्याचा धोका वेगळाच. स्पर्धेच्या घाईत नटाच्या गालात कापूस भरणाऱ्यांनी हे विसरू नये.

प्रत्यक्ष सिनेमासाठी दंतवैद्याकडून एक साधन बनवून घेतलं गेलं. खालच्या दातांवर बसणारी धातूची पट्टी आणि तिच्या दोन्ही टोकांना मागच्या बाजूला राळेचे गोळे. ते गोळे गालाला खालून, जबड्याच्या रेषेपाशी बाहेर ढकलतात. जागा अचूक निवडलेली आहे. गालाचा वरचा भाग फुगला तर दाढ दुखतेय असं वाटतं. खालचा भाग लोंबला की वय दिसतं. हे साधन आज न्यूयॉर्कमध्ये, क्वीन्समधल्या म्युझियम ऑफ द मूव्हिंग इमेजच्या संग्रहात आहे.

असं काही करून घ्यायचं असेल तर दंतवैद्याकडे जाऊन दातांचं माप द्यावं, त्याच्या साच्यावर ॲक्रिलिकचे गोळे बनवून घ्यावेत आणि ते दाढांना पकडतील अशा तारा लावायला सांगावं. सुरुवात लहान गोळ्यांनी करा. कमी पडले तर वाढवता येतात. आणि ते तोंडात घालून निदान आठवडाभर तालीम व्हायला हवी. मराठीत सगळ्यात आधी बिघडतात ते च, ज, झ आणि स, श. ‘चार’ आणि ‘चाक’ यातला च वेगळा ऐकू आला पाहिजे, ‘जीव’ आणि ‘जगणं’ यातला ज वेगळा. साधन तोंडात असताना जीभ ती जागा चुकते आणि सगळे च सारखेच बोजड होतात. नट सरावला की शब्द परत येतात आणि उरतो तो फक्त जडपणा, जो आपल्याला हवाच असतो.

रंगभूषा होती डिक स्मिथची (१९२२–२०१४), सोबत ब्रँडोचा नेहमीचा रंगभूषाकार फिलिप ऱ्होड्स. आदल्याच वर्षी आलेल्या ‘लिटल बिग मॅन’ या सिनेमात स्मिथने डस्टिन हॉफमनला १२१ वर्षांचा केला होता, तो चेहऱ्यावर फोम रबराचे तुकडे बसवून. ब्रँडोसाठी त्याने कातडी ताणून लेटेक्स चढवण्याची पद्धत वापरली. ही पद्धत आपल्या रंगमंचावर आणि लघुपटात सहज जमण्यासारखी आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

द्रव लेटेक्समध्ये थोडी टाल्क आणि कातडीच्या रंगाचा कोरडा बेस चांगला घोटून मिसळायचा. आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला नाण्याएवढा ठिपका लावून २४ तास थांबायचं. लेटेक्सची ॲलर्जी असणारी माणसं कमी नाहीत आणि ती चेहऱ्यावर उमटली तर प्रयोगच रद्द करावा लागतो. भुवया, मिशी, कपाळावरची केसांची रेषा यांना व्हॅसलीन, नाहीतर काढताना केस मुळासकट येतात. मग चेहऱ्याचा एक एक भाग घ्यायचा. सुरकुती ज्या दिशेला हवी, तिच्या आडव्या दिशेने कातडी बोटांनी ताणायची, सहायकाने ती तशीच धरून ठेवायची. भोकाभोकांच्या स्पंजने लेटेक्स टिपत न्यायचं, पुसायचं नाही. हेअर ड्रायर थंड हवेवर. वाळलं की कातडी ताणलेलीच ठेवून वर पावडर आणि त्यानंतरच सोडायची. पावडरीच्या आधी सोडली तर लेटेक्स स्वतःलाच चिकटतं आणि सुरकुतीऐवजी गुठळी होते. बहुतेकांचं काम इथेच फसतं. असे दोन किंवा तीन थर पुरतात. त्यापुढे कातडी रबरी चकाकू लागते आणि चेहरा हलेनासा होतो.

डोळ्यांखाली हे करताना नटाने डोळे मिटून वर बघायचं आणि थर अगदी विरळ. ओठांच्या कडेला नटाला हवा भरून गाल फुगवायला सांगितलं तरी ताण मिळतो. हातांना विसरू नका. चेहरा सत्तरीचा आणि हात विशीतले, हे तिसऱ्या रांगेतूनसुद्धा दिसतं. मूठ घट्ट आवळायची, हाताच्या मागच्या बाजूवर लेटेक्स, वाळवणं, पावडर, मग मूठ उघडायची. आपल्याकडे एप्रिल-मेच्या प्रयोगात घामाने कडा सुटतात, विशेषतः नाकाच्या बाजूला आणि केसांच्या रेषेपाशी. म्हणून तिथे थर हळूहळू पातळ करत शून्यावर न्यायचा आणि वर पाण्याचा रंग लावायचा नाही. काढताना कोमट पाणी आणि तेल. ओढून काढू नये.

या पद्धतीची एक मर्यादा मात्र कुणी सांगत नाही. ती आधीच जरा सैल झालेल्या कातडीवर उत्तम चालते. ब्रँडो ४७ चा होता. त्याच्या कातडीत सुरकुती बसायला जागा होती. तेवीस वर्षांच्या मुलाची कातडी ताणून सोडली की लगेच मूळ जागी येते आणि लेटेक्सवर फक्त बारीक जाळी उमटते, जुन्या प्लास्टिकच्या पिशवीसारखी. विशीतल्या नटाला पंचाहत्तरीचा करण्यापेक्षा संहितेत बसत असेल तर साठीचा करा, आणि बाकीचं चालण्याबोलण्यावर सोपवा. कपाळावर पेन्सिलीच्या चार रेघा आणि केसांत पांढरी पावडर हा मार्ग तर बंदच करावा. ती पावडर खांद्यावर सांडते, स्पॉटमध्ये पिठासारखी उडते. पिकलेल्या केसांत थोडी पिवळट छटा असते आणि पिकायला कानशिलापासून सुरुवात होते, एवढं पाळलं तरी अर्धं काम झालं.

मराठी रंगभूमीला हे नवं नाही. ‘गॉडफादर’चं शूटिंग सुरू होण्याच्या तीनच महिने आधी, २३ डिसेंबर १९७० ला, ‘नटसम्राट’चा पहिला प्रयोग झाला होता आणि आप्पासाहेब बेलवलकर करणारे डॉ. श्रीराम लागू तेव्हा ४३ वर्षांचे होते. दोन खंडांवर, एकाच काळात, चाळिशीतले दोन नट थकलेला बाप उभा करत होते.

आवाजाचंही तसंच. ब्रँडोने तो घोगरा, दबका आवाज फ्रँक कॉस्टेलो या खऱ्या माफिया म्होरक्यावरून घेतला. १९५१ मध्ये सिनेटच्या चौकशीत कॉस्टेलोची साक्ष टीव्हीवर दाखवली गेली होती. हळू बोलणाऱ्या माणसाकडे समोरच्याला झुकावं लागतं, आणि त्या झुकण्यातच डॉनची सत्ता दिसते. रंगमंचावर हे जसंच्या तसं उचलू नका. शेवटच्या रांगेला काही ऐकू जाणार नाही आणि नटाचा घसा बसेल. तिथे आवाज खाली न नेता वेग कमी करायचा, वाक्याच्या मध्ये श्वास घ्यायचा, समोरच्या पात्रांना झुकायला लावायचं. ब्रँडो संवाद पाठ करत नसे, समोर लिहिलेले फलक धरावे लागत. ते वाचण्यासाठी त्याची नजर इकडेतिकडे जाते आणि पडद्यावर तो विचार करतोय असं वाटतं. हा गुण त्याचा होता. नवख्याने असं केलं तर तो वाचताना दिसतो, आणखी काही नाही.

आता प्रकाश. छायाचित्रकार गॉर्डन विलिसने (१९३१–२०१४) दिवे डोक्यावर टांगले. स्टुडिओतले लोक वैतागले, कारण ब्रँडोचे डोळेच दिसेनात. विलिसने पुढे स्पष्ट सांगितलं होतं की ही पद्धत ब्रँडोच्या रंगभूषेच्या गरजेतून आली आणि मग तीच सगळ्या सिनेमाला लावली. समोरून आलेला प्रकाश लेटेक्सची प्रत्येक कड उघडी पाडतो. वरून आलेला मऊ प्रकाश कपाळ उजळतो, डोळ्यांच्या खोबणीत अंधार करतो, गालाच्या लोंबत्या भागाखाली सावली टाकतो. म्हणजे जे रंगभूषेने अर्धं केलं, ते प्रकाशाने पुरं केलं. आणि डोळे दिसत नाहीत तेव्हा हा माणूस काय ठरवतोय हे कळत नाही. पहिल्याच प्रसंगातली भीती त्यातून येते. न्याय मागायला आलेल्या बोनासेराच्या चेहऱ्यावरून कॅमेरा जवळजवळ तीन मिनिटं इतक्या सावकाश मागे येतो की हालचाल जाणवतच नाही. शेवटी चौकटीच्या कडेला डॉनची पाठमोरी आकृती येते. बाहेर अंगणात लग्न, लख्ख ऊन. आत पडदे लावलेली खोली.

लघुपटात असा प्रकाश करायचा तर खर्च फार नाही. चार बाय चार फुटांची लाकडी किंवा पीव्हीसीची चौकट, तिच्यावर मलमल किंवा ट्रेसिंग पेपर, वर दोन-तीन उबदार रंगाचे एलईडी. ही चौकट नटाच्या डोक्याच्या बरोबर वर टांगायची नाही. तीन-चार फूट उंच आणि फूट-दीड फूट पुढे, म्हणजे डोळ्यांत निदान एक ठिणगी राहते. चारही कडांना फूटभर काळ्या कापडाची झालर, नाहीतर प्रकाश भिंतींवर पसरतो आणि सगळी खोली दवाखान्यासारखी दिसते. नटाला टक्कल असेल तर ते पांढरं फटक होतं, तिथे मॅट पावडर. मोबाईलवर शूट करत असाल तर एक्स्पोजर आधी लॉक करा. मोबाईल अंधार दिसला की स्वतःहून उजळवतो आणि काळ्या जागी रंगीत किडे दिसू लागतात. नंतर संगणकावर उजळवण्याचा मोहही टाळा.

रंगभूषेशिवाय वय कसं वाढतं याचा धडा पचिनोमध्ये आहे. लग्नात तो सैन्याच्या गणवेशात सैल बसलेला, बोलताना हसणारा पोरगा. मग हॉस्पिटलचा प्रसंग येतो. बापाला मारायला गाडी येणार आहे. दारात मायकेल आणि बेकरीवाला एन्झो, खिशात हत्यार असल्याची बतावणी करत उभे. गाडी निघून जाते. एन्झो सिगारेट पेटवायला जातो, त्याचा हात इतका थरथरतो की लायटर पेटत नाही. मायकेल लायटर घेतो, पेटवतो, आणि मग स्वतःच्या हाताकडे क्षणभर बघतो: तो स्थिर आहे. संवाद नाही, संगीताचा उमाळा नाही. त्या एका नजरेनंतर त्या पोराचं तरुणपण संपलेलं असतं. त्यानंतर जबड्यावरची सूज, सिसिलीहून परतल्यावरचा काळा ओव्हरकोट आणि हॅट, मागे चापून बसवलेले केस, कमी होत गेलेल्या हालचाली. दर टप्प्याला एकेक गोष्ट काढून घेतलेली आहे: आधी हसू, मग हातवारे, शेवटी पापण्यांची उघडझाप. आपल्याकडे वय वाढवायचं म्हणजे काठी, खोकला, चष्मा असं काहीतरी जोडत जातात. इथे उलट केलं.

तिसऱ्या भागात (१९९०) हे जमलं नाही, असं माझं मत. पचिनो तेव्हा ४९ चा, मायकेल साठीच्या उंबरठ्यावर. आखूड कापलेले, पिकलेले केस दिले आणि पहिल्या दोन भागांतल्या माणसाशी असलेला धागाच तुटला. तो थकलेला मायकेल न वाटता दुसराच कुणी वाटतो. घरचा वकील टॉम हेगन करणारा रॉबर्ट ड्युवॉल मानधनाच्या वादामुळे त्या भागात नव्हता, त्यामुळे मायकेलसोबत म्हातारं होणारं पात्रही उरलं नाही. घरातल्या माणसाचं वय आपण त्याच्या सोबत्याकडे बघून मोजतो. सोबती काढला की माप हरवतं.

आणि खरं वय? तेही शिकवतं. ब्रँडो १ जुलै २००४ ला, ८० व्या वर्षी गेला, आणि खऱ्या म्हातारपणात तो डॉनसारखा कधीच दिसला नाही. फार स्थूल झाला होता. स्मिथने ब्रँडोचं भविष्य रंगवलं नव्हतं, ऑलिव्ह तेलाचा धंदा करणाऱ्या एका सिसिलियन बापाचं वय रंगवलं होतं. नटाच्या आईवडलांचे फोटो बघून त्याचं म्हातारपण ठरवायची पद्धत आहे. ती चांगली, पण पात्राने आयुष्यभर काय काम केलं हे त्याहून महत्त्वाचं. कझालला म्हातारं व्हायला मिळालंच नाही. मार्च १९७८ मध्ये, ४२ व्या वर्षी तो कॅन्सरने गेला. त्याने पाचच चित्रपट केले, आणि पाचही सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या ऑस्करसाठी नामांकित झाले. म्हणून फ्रेडो आपल्या डोक्यात कायम तरुण राहिला. तिसऱ्या भागात त्याची आठवण येते तीही जुन्या चित्रफितीतूनच. डॉनचा जुना साथीदार टेसिओ करणाऱ्या एब व्हिगोडाला एका मासिकाने १९८२ मध्येच मृत म्हणून छापलं होतं. तो २०१६ पर्यंत, ९४ वर्षं जगला. एप्रिल २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये कोपोला, पचिनो, ड्युवॉल, कान, डायन कीटन, टालिया शायर आणि दुसऱ्या भागातला तरुण व्हिटो म्हणजे रॉबर्ट डी नीरो एकत्र बसले होते. कान जुलै २०२२ मध्ये गेला, कीटन ऑक्टोबर २०२५ मध्ये. ती संध्याकाळ आता पुन्हा जुळणार नाही.

याच नटांवर पुढे उलटा प्रयोगही झाला. २०१९ च्या ‘द आयरिशमन’मध्ये सत्तरी ओलांडलेले डी नीरो आणि पचिनो संगणकाने तरुण केले. चेहऱ्यावर ठिपके न लावता, मुख्य कॅमेऱ्याच्या दोन बाजूंना इन्फ्रारेड कॅमेरे बसवून. चेहरा बऱ्यापैकी जमला. पण दुकानदाराला रस्त्यावर लाथा घालण्याच्या प्रसंगात तरुण चेहऱ्याखाली म्हाताऱ्याचे गुडघे दिसतात. वजन एका पायावरून दुसऱ्यावर जायला वेळ लागतो. शरीराच्या चालीसाठी वेगळा प्रशिक्षक ठेवूनही हे राहिलं. १९७१ मध्ये उलट दिशेला ही अडचण नव्हती, कारण तरुण शरीराला सावकाश चालायला शिकवता येतं.

भारतातल्या वारशाबद्दल थोडक्यात. ‘नायकन’मध्ये (१९८७) कमल हासन ३२ वर्षांचा असताना मुंबईतल्या डॉनचं जवळजवळ सगळं आयुष्य जगला, आणि त्या कामासाठी त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. वय हाच विषय आहे हे ओळखलेला हा आपल्याकडचा सगळ्यात प्रामाणिक वारस. ‘सरकार’ने (२००५) खऱ्या साठीतले अमिताभ बच्चन घेऊन रंगभूषेचा प्रश्नच सोडवला. इतर अनेकांनी मात्र अंधारी खोली, घोगरा आवाज आणि हाताचं चुंबन एवढंच उचललं.

वय सिनेमाच्या निगेटिव्हवरही चढलं. चित्रपट इतका चालला की मूळ निगेटिव्हवरूनच पुन्हा पुन्हा प्रती काढल्या गेल्या; ती फाटली, ओरखडली, चिकटपट्ट्यांनी जोडली गेली, काही तुकड्यांच्या जागी दुय्यम प्रतीचे तुकडे आले. विलिसने निगेटिव्ह मुद्दाम कमी उजेडात शूट केली होती. त्यामुळे प्रत काढताना उजळवायला वावच नाही. जरा उजळवलं की काळा रंग दुधट होतो आणि दाणे वर येतात. २००८ मध्ये रॉबर्ट हॅरिसने केलेल्या जीर्णोद्धारात रंगांसाठी आधार होता तो टेक्निकलरच्या जुन्या पद्धतीने छापलेल्या प्रतीचा. त्या पद्धतीतले रंग टिकतात. त्याच काळातल्या ईस्टमनकलरच्या प्रतीत निळसर रंग आधी उडतो आणि सगळं लालसर होतं. जुन्या हिंदी-मराठी चित्रपटांच्या प्रती अशा गुलाबी पडलेल्या अनेकांनी पाहिल्या असतील. २०२२ मध्ये पन्नास वर्षांच्या निमित्ताने पुन्हा काम झालं: फिल्मची ३०० हून अधिक खोकी तपासली, डाग आणि फाटणं दुरुस्त करायला ४,००० तासांहून अधिक, रंगांसाठी १,००० तासांहून अधिक.

घरी बघताना टीव्हीवरचा ‘व्हिव्हिड’ मोड बंद करा, ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ मोड लावा, हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा आणि खोलीतला दिवा मालवा. नाहीतर विलिसने जपलेला अंधार राखाडी होतो आणि ब्रँडोच्या गालाखालची सावली जाते. मूळ मोनो ध्वनी निवडता येत असेल तर तोच निवडा.

आणि तालमीसाठी एकच प्रसंग निवडायचा असेल तर बागेतला घ्या, बाप-लेकाचा. तो रॉबर्ट टाउन या लेखकाने शूटिंग बरंच पुढे गेल्यावर लिहिला. त्याचं नाव श्रेयनामावलीत नाही, पण ऑस्कर घेताना कोपोलाने त्याचे आभार मानले. डॉन सांगतो की हल्ली वाइन जास्त पितो. मुलाबाळांची चौकशी करतो. दगा कोण देईल ते बजावतो, मग थोड्या वेळाने तेच पुन्हा बजावतो. आपण हे बोललो होतो याचं भान त्याला अर्धं आहे, अर्धं नाही. मायकेल अडवत नाही, आठवण करून देत नाही, ऐकून घेतो. तुमच्या दोन नटांना कुठलाही रंग न लावता, साध्या कपड्यांत, खुर्च्यांवर बसवून हा प्रसंग करायला सांगा. म्हाताऱ्याच्या भूमिकेतल्या मुलाकडे बघू नका. ऐकणारा तेच वाक्य दुसऱ्यांदा येताना काय करतो ते बघा. तो उतावीळ झाला, किंवा कीव करू लागला, तर पुन्हा करून घ्या.